किती वाजता भाजलं?

एमबीबीएसच्या सर्जरीच्या अभ्यासक्रमात जळिताच्या वाट्याला चार ओळी आल्या आहेत. एसयू (म्हणजे सर्जरी) ४.१ ते ४.४. पहिलीत हिस्ट्री, तपासणी आणि भाजल्यावर शरीरात काय काय होतं ते. दुसरीत जखमेचा प्रकार, टक्केवारी, उपचाराची आखणी. तिसरीत कायद्याची बाजू. चौथीत पेशंटशी आणि घरच्यांशी बोलणं. २०१९ च्या बॅचपासून हा अभ्यासक्रम लागू झाला. ओळी चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते या चारही ओळी एका तासाच्या लेक्चरमध्ये कोंबण्याच्या आमच्या सवयीबद्दल. ‘रूल ऑफ नाइन’वर (शरीर किती टक्के भाजलं ते मोजायच्या नियमावर) टीप येते, पोरं ती पाठ करतात, मार्क मिळवतात, आणि इंटर्नशिपमध्ये रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत पहिला भाजलेला पेशंट आला की सिस्टरांच्या तोंडाकडे बघत उभी राहतात.

मी ऊसपट्ट्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात सर्जरी शिकवते. आमच्याकडे येणारे पेशंट या भागाला साजेसेच. काहिलीतला उकळता रस पायावर सांडलेला गुळव्या, बंबाचं पाणी अंगावर घेतलेलं दोन वर्षांचं पोर, फिट येऊन चुलीवर पडलेली बाई, पोलवरून खाली आलेला वायरमन, दिवाळीत विझलेला भुईनळा पुन्हा पेटवायला वाकलेली मुलं. रेशनचं रॉकेल आटलं आणि गॅस घरोघरी गेला तसे स्टोव्हचे पेशंट कमी झाले. आता सिलिंडरची नळी आणि रेग्युलेटर यांचे जास्त. तरी ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हे वाक्य अजून ऐकू येतं. त्याबद्दल पुढे सांगते.

लेक्चर बंद करता आलं नाही, कारण टाइमटेबलात ते असतंच. पण सर्जरीच्या पोस्टिंगला येणाऱ्या छोट्या गटांबरोबर मी वेगळ्या पद्धतीने सुरुवात केली. पहिल्या दिवशी फळ्यावर एक पेशंट लिहिते. वय ३५, वजन ६० किलो, भाजलं ३० टक्के, सकाळी १० वाजता. आपल्या दारात पोचला दुपारी १ वाजता. आरएल (रिंगर लॅक्टेट, शिरेतून द्यायचं सलाइन) किती आणि कसं लावाल?

पार्कलंड फॉर्म्युला सगळ्यांना येतो. टेक्सासमधल्या डॅलसच्या पार्कलंड हॉस्पिटलात बॅक्स्टर आणि शायर्स यांनी १९६८ मध्ये मांडलेला. ४ मिली गुणिले वजन गुणिले टक्के. निम्मं पहिल्या ८ तासांत, उरलेलं पुढच्या १६ तासांत. आकडा पटकन येतो: ७२०० मिली, त्यातलं निम्मं ३६००. मग बहुतेक वह्यांत ३६०० भागिले ८, म्हणजे तासाला ४५० मिली. पोरं पेन खाली ठेवतात.

‘आठ तास कधीपासून?’ असं विचारलं की शांतता पसरते. आठ तास मोजायचे ते भाजल्यापासून, आपल्या दारात आल्यापासून नव्हे. दहाला भाजला, म्हणजे मुदत संध्याकाळी सहाला संपते. आता एक वाजलाय. उरले पाच तास. ३६०० भागिले ५, तासाला ७२० मिली. साध्या आयव्ही सेटचे २० थेंब म्हणजे एक मिली, तेव्हा मिनिटाला २४० थेंब. हे थेंब मोजून दाखवा, म्हटलं की हसतात, कारण ते मोजता येतच नाहीत, धारच लागते. मग त्यांना कळतं की एका बारीक सुईने हे व्हायचं नाही, दोन जाड कॅन्युला लागणार, आणि सिस्टरांना थेंब सांगण्याऐवजी ‘५०० ची बाटली ४० मिनिटांत संपली पाहिजे’ असं सांगायचं.

एवढ्यावर सोडत नाही. पुढची ओळ लिहिते: पीएचसीतून येताना एक बाटली आरएल गेलेलं आहे, रेफरल चिठ्ठीवर कोपऱ्यात लिहिलंय. ते वजा केलं का? चिठ्ठी उलटून पाहिली का? चिठ्ठीवर वेळ लिहिलीय ती भाजल्याची की पीएचसीत आल्याची? नातेवाइकांना विचारा. ‘सकाळच्याला’ हे उत्तर पुरत नाही. नळाला पाणी आलं होतं का, शाळा भरली होती का, एसटी गेली होती का, असं विचारत विचारत तासापर्यंत यायचं. आमच्या एका मावशींना हे फार छान जमतं. पोरांना मी त्यांच्याकडे बघायला सांगते.

दुसरा भाग टक्केवारीचा, आणि हा मला स्वतःला सगळ्यात आवडतो. गटातल्या एखाद्या उत्साही मुलाला जुनी बनियन आणि हाफपँट घालून स्किल लॅबमध्ये बोलावते. पोस्टर कलरने त्याचा एक हात, छातीचा काही भाग आणि मांडीचा पुढचा पट्टा रंगवायचा. कुठे नुसता गुलाबी, कुठे लाल, कुठे पांढरट. व्हॅसलीन आणि टिश्यू पेपरचे फोड. मग प्रत्येकाने एकमेकांशी न बोलता चिठ्ठीवर टक्के लिहायचे. चिठ्ठ्या उघडल्या की वर्गात हशा होतो, कारण एकाच मुलाचे टक्के कुणाच्या मते पंधरा असतात आणि कुणाच्या मते चाळीस. नवखा माणूस बहुधा जास्तच धरतो. लाल रंग डोळ्यात भरतो आणि मधली कोरी कातडी दिसत नाही.

मग सावकाश मोजायला लावते. डोकं ९, प्रत्येक हात ९, धड पुढून १८ आणि मागून १८, प्रत्येक पाय १८, उरला तो १. एडिंबरोच्या अलेक्झांडर वॉलेसने १९५१ मध्ये हा ‘रूल ऑफ नाइन’ प्रसिद्ध केला आणि आजही कॅज्युअल्टीत याहून सोपं काही नाही. तुटक तुटक जखमांसाठी पेशंटचाच तळहात, बोटांसकट, साधारण एक टक्का. पेशंटचा, आपला नव्हे! पैलवानी हाताच्या एका मुलाने लहान पोराच्या पाठीवर स्वतःचा पंजा ठेवून मोजलं होतं. आणि जो भाग नुसता लाल आहे, फोड नाही, कातडी निघालेली नाही, तो हिशोबात धरायचाच नाही. इथे निम्म्यांचे टक्के खाली येतात.

मुलांचा हिशोब वेगळा. एका वर्षाच्या बाळाचं डोकं १८ टक्के आणि पाय प्रत्येकी १४. म्हणून मुलांसाठी लुंड-ब्राउडरचा तक्ता. हा तक्ता १९४४ मधला, बॉस्टनचा. त्याआधी दोन वर्षं, नोव्हेंबर १९४२ मध्ये, त्याच शहरात कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं गेली होती, आणि तिथल्या डॉक्टरांनी त्या रात्रीतून पुष्कळ शिकून पुढच्यांसाठी लिहून ठेवलं. वॉर्डच्या भिंतीवर तक्ता लॅमिनेट करून लावलाय. तो कोरा कागद म्हणून छापून केसपेपरला जोडावा, ही माझी मागणी मात्र वर्षानुवर्षं स्टेशनरीच्या फायलीत फिरतेय.

रंगवलेला मुलगा आंघोळीला गेला की श्वासाचं बोलते. खरं तर हे सगळ्यात आधी. पण आधी सांगितलं तर पोरं ‘एबीसी, एबीसी’ (श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण) म्हणत मान डोलावतात आणि विसरतात. टक्के मोजण्यात रंगलेल्यांना मध्येच थांबवून विचारलं, ‘याचा आवाज ऐकला का कुणी?’ की मग लक्षात राहतं. बंद खोलीतल्या आगीतून आलेला, नाकातले केस जळलेले, थुंकीत काजळी, आवाज घोगरा. आत्ता बोलतोय म्हणून बरा आहे असं समजायचं नाही. घसा सुजायला काही तास लागतात, आणि एकदा सुजला की नळी घालायला वाट राहत नाही. म्हणून पेशंटला आधी नाव विचारायचं, ते ऐकायचं, आणि शंका आली की भूलतज्ज्ञांना लगेच फोन.

आता युरोबॅग, म्हणजे नळीतून येणारी लघवी जमा होते ती पिशवी. फॉर्म्युला म्हणजे फक्त पहिल्या तासाचा अंदाज, हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण कुणाला पटत नाही. अमेरिकेतला बर्न्सचा कोर्स आता मोठ्या माणसांत ४ ऐवजी २ मिलीने सुरुवात करा म्हणतो, हे सांगितलं की पोरं गोंधळतात, ‘मग खरं कुठलं?’ खरं ते पिशवीत. मोठ्या माणसाला तासाला किलोमागे अर्धा मिली, लहान मुलाला एक मिली लघवी झाली पाहिजे. आपल्या साठ किलोच्या माणसाला तासाला ३० मिली.

हे पटवायला मी एक खेळ केला. चोवीस तास, प्रत्येक तास पाच मिनिटांचा. गटाला एक पेशंट द्यायचा आणि दर ‘तासाला’ एक पाकीट. पाकिटात त्या तासाची लघवी, नाडी, बीपी. त्यावरून आरएलचा वेग वाढवायचा, कमी करायचा की तसाच ठेवायचा, ते ठरवून लिहायचं. कमी लघवी झाली की सगळेच वाढवतात, ते सोपं आहे. गंमत पुढे होते. पाकिटात ६० मिली आलं की गट खूश. पुढच्यात ८० आलं की अजून खूश. वेग कुणी कमी करत नाही! मग पंधराव्या तासाचं पाकीट उघडतात: पोट टणक, हात टम्म सुजलेले, श्वास जड. जास्त पाणी दिल्यानेही माणूस बुडतो हे त्या पाकिटातून जेवढं कळतं तेवढं माझ्या बोलण्यातून कधी कळलं नसतं. आता गटातल्या गटातच कुणीतरी ओरडतं, ‘अरे पन्नासच्या वर गेलंय, पाचवा हिस्सा कमी कर.’

त्यानंतर खऱ्या वॉर्डात. बर्न्स वॉर्डात वीस जण घेऊन जाणं म्हणजे वीस जणांचे जंतू घेऊन जाणं, म्हणून एका वेळी तीन-चारच, गाऊन-टोपी-मास्क घालून. प्रत्येकाला एक बॅग नेमून देते. इथे पहिली अडचण येते ती अगदी साधी. नेहमीच्या दोन लिटरच्या युरोबॅगवर खुणा शंभर-शंभर मिलीच्या. तासाची ३० मिली लघवी त्यावर वाचायची कशी? पिशवी जरा तिरपी लटकली की चाळीसचा फरक दिसतो. युरोमीटर (तासाची लघवी मोजायचा बारीक खुणांचा छोटा डबा) असलेली बॅग मिळाली तर उत्तम, नाहीतर खालचा कॉक उघडून मोजपात्रात काढायची, आकडा आणि वेळ लिहायची, कॉक बंद करायचा. कॉक बंद करायला विसरलेल्याचे बूट सांगतात तो विसरला होता ते. पण हे काम चार वेळा केलेला विद्यार्थी पुढे रेझिडेंट झाल्यावर ‘युरिन ॲडिक्वेट’ असं मोघम लिहीत नाही, हे मी पाहिलंय.

ड्रेसिंगच्या वेळी एखादा चक्कर येऊन पडतो. त्याचं मला काही वाटत नाही, आधीच भिंतीला टेकून उभं करते. ड्रेसिंगच्या आधी वेदनाशामक पोचलंय का हे विद्यार्थ्याने पेशंटला विचारायचं, चार्टला नव्हे. चिकटलेलं गॉज ओढायचं नाही, सलाइनने भिजवायचं, थांबायचं. एका काकूंनी एका मुलाला सांगितलं, ‘बाळा, तू हळू काढतोस, उद्यापन तूच ये.’ तो मुलगा आठवडाभर हवेत होता.

जखमेची खोली ही वॉर्डातच शिकायची गोष्ट. ग्लोव्हचं बोट गुलाबी ओलसर जागेवर दाबायचं आणि उचलायचं. पांढरं होऊन लगेच गुलाबी परत आलं तर वरवरची. ती दुखते, आणि दोन-तीन आठवड्यांत आपली आपण भरते. रंग परत यायला रेंगाळला किंवा आलाच नाही तर खोल. चामड्यासारखी कडक, टोचलेलं न कळणारी म्हणजे पूर्ण जाडीची, तिला ग्राफ्ट (दुसरीकडची कातडी काढून लावणं) लागणार. नातेवाईक येऊन सांगतात, ‘तेवढ्या भागात काय दुखत नाही बघा, बरं झालंय.’ तेवढाच भाग वाईट आहे हे त्यांना समजेल अशा शब्दांत सांगणं, हे मी विद्यार्थ्यांकडून करवून घेते. छातीभोवती किंवा हाताभोवती अशी कडक कातडी गोलाकार असेल तर ती आवळत जाते. मग नाडी दर तासाला पाहायची आणि वेळ आली तर कातडीला चीर देऊन मोकळी करायची. चीर कुठून द्यायची त्या रेघा आम्ही मार्करने एकमेकांच्या हातावर काढतो.

पेशंट येतानाच अंगावर काय काय लावून येतो, त्याची यादी लांब आहे: टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, किसलेला बटाटा, कधी शेण. पोरांना हसू येतं, विशेषतः शहरातल्या. मी हसू देत नाही. घरच्यांनी हाताला लागलं ते प्रेमाने लावलेलं असतं, आणि नळाखाली वीस मिनिटं धरा, भाजून तीन तास झालेले नसतील तोवर त्याचा उपयोग होतो, बर्फ नको, बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आत काढा, हे त्यांना आधी कुणी सांगितलेलंच नसतं. आणि बटाट्याला हसणाऱ्यांना मुंबईची गोष्ट सांगते. वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग करून पाहिलं आणि १९८५ मध्ये त्यावर लिहिलं. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाचं ड्रेसिंग अभ्यासलं. त्यांचे निबंध २००३ मध्ये आले. पान जखमेला चिकटत नाही, काढताना दुखत नाही, आणि खर्च जवळजवळ नाहीच. कच्चा बटाटा किसून लावणं आणि हे यात फरक काय, हा प्रश्न मी वायवात विचारते. कोकणातून आलेल्या एका मुलीने उत्तर देऊन वर विचारलं, ‘मग आपण का नाही वापरत मॅडम?’ चांगला प्रश्न आहे. ड्रेसिंगच्या कोलॅजनची पाकिटं स्टोअरमध्ये संपतात तेव्हा मलाही तो पडतो.

सायनमध्येच २००० साली स्किन बँक सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचा दान करता येते, रक्तगट जुळवावा लागत नाही, ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये ती पाच वर्षांपर्यंत टिकते, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाही माहीत नसतं. डोळे दान करतात हे माहीत असतं. एवढं सांगून मी पुढे जाते. घरी जाऊन आजीला सांगा म्हणते.

आता ते स्टोव्हचं वाक्य. एसयू ४.३, कायद्याची बाजू. तरुण बाई, लग्नाला तीन वर्षं, पुढून भाजलेली, भोवती सासरचे चार जण, आणि तिच्या आधी तेच सांगतात, ‘स्टोव्हचा भडका उडाला.’ विद्यार्थी ते तसंच लिहून मोकळा होतो. आमच्या सरावात दोघी मुली पेशंट आणि नणंद होतात, एक मुलगा नवरा. डॉक्टर झालेल्याने आधी काय करायचं? सगळ्यांना बाहेर काढायचं. नवऱ्याला औषध आणायला पाठवा, नणंदेला कागद आणायला. मग बाईला विचारायचं आणि ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत, वेळ घालून लिहायचं. आपण पोलीस नाही, आपल्याला कुणाला पकडायचं नाही. एमएलसी (मेडिको-लीगल केस म्हणून नोंद) करायची, पोलिसांना कळवायचं. लग्नाला सात वर्षं झालेली नसतील तर कायदा त्या मृत्यूकडे वेगळ्या नजरेने बघतो, हे माहीत असावं.

मृत्युपूर्व जबाब साधारणपणे कार्यकारी दंडाधिकारी घेतात, आपल्याकडे बहुधा नायब तहसीलदार येतात. डॉक्टरने जबाबाच्या आधी आणि नंतर लिहून द्यायचं की पेशंट शुद्धीवर आहे, जबाब देण्याच्या स्थितीत आहे. वेळ नसेल तर डॉक्टर स्वतःही जबाब लिहून घेऊ शकतो. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ३२ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं २६. डॉक्टरचा दाखला नाही एवढ्यावरून जबाब बाद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००२ मध्ये लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात म्हटलं, पण म्हणून दाखला ढिसाळ लिहायचा नसतो. शेवटचं मॉर्फिन किती वाजता दिलं ते दाखल्याजवळच लिहा, असा माझा आग्रह असतो. कोर्टात वकील पहिला प्रश्न तोच विचारतो, आणि वर्षांनंतर आपल्याला काही आठवत नसतं. म्हणून पोरांना सांगते, सलाइनचा हिशोब करायला विचारलेली भाजल्याची वेळ आणि एमएलसीच्या वहीतली वेळ एकच असली पाहिजे. दोन ठिकाणी दोन वेळा लिहिलेली केस मी पाहिलीय आणि तिचे हाल पाहिलेत.

‘मॅडम, हे परीक्षेत येतं का?’ हा प्रश्न येतोच. आता येतं. आमच्या अंतर्गत परीक्षेत मी पाच मिनिटांचं एक स्टेशन ठेवलंय: पलंगावर पुतळा, गळा भाजलेला, मानेखाली जाड उशी. शेजारी ‘आई’ झालेली इंटर्न. मायेने ठेवलेली ती उशी काढायची आणि आईला का ते सांगायचं, कारण उशीवर हनुवटी छातीकडे जाते आणि जखम भरताना तिथेच आखडते. बरेच जण येतात, नाडी बघतात, टक्के मोजतात, फॉर्म्युला म्हणून दाखवतात आणि उशी तशीच ठेवून जातात. उशी काढून आईशी एक वाक्यही न बोलणाऱ्याला निम्मेच मार्क.

वायरमनचा भाग मात्र अजून मला हवा तसा बसलेला नाही. हाय टेन्शनच्या जळितात तळहाताला रुपयाएवढी जखम आणि आत दंडापर्यंत स्नायू शिजलेला, तिथे टक्क्यांचा फॉर्म्युला फसवतो. लघवी कोकाकोलाच्या रंगाची येते, मूत्रपिंड वाचवायला तासाला ७५ ते १०० मिली काढावी लागते, हृदयाचे ठोके मॉनिटरवर ठेवावे लागतात. पाकिटांच्या खेळात हा पेशंट घातला की गट टक्के शोधत बसतो आणि वेळ संपते. पुढच्या बॅचला पाकिटात आकड्यांऐवजी रंगीत पाण्याच्या बाटल्या ठेवायचं चाललंय. कडक कोऱ्या चहाने रंग बराच जमतो, कॅन्टीनच्या मामांशी बोलून ठेवलंय.